तेवीस अंश

मानकात लिहिलंय : खोलीचं तापमान तेवीस,
दोन इकडे, दोन तिकडे.
हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या मे महिन्याला
हे कोणी कळवलेलं नाही.
बाहेर सेहेचाळीस. शेडच्या पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही.
एसी बसला की पराते काका कूलर ओढत आणतात,
वाळ्याचा वास सुटतो, जीव निवतो,
आणि टेबलावरच्या नायलॉनच्या पट्ट्या
गुपचूप पाणी पितात.

सकाळी कटकन मोडणारी पट्टी
दुपारी वाकते, वाकतच राहते.
मी आकडा लिहिते, खोडते.
हा आकडा नायलॉनचा की कूलरचा?
"दोघायचा लिव," काका म्हणतात,
"अन् खाली तारीख टाक. उनाची बी साक्ष पाह्यजे."

खेचणाऱ्या यंत्राच्या जबड्याचे दात झिजलेत.
नमुना निसटतो, आलेखावर एक खोटी पायरी उमटते,
पोलाद नमलं असं वाटतं, नमलेली असते आपली पकड.
पॉलिशपेपरची घडी घालून
काका तो पुन्हा आवळतात, कवळी बसवावी तसा.
नवे जबडे मागवलेत. गेल्या दिवाळीपासून मागवलेत.

शून्य अंशाच्या हातोडा-चाचणीला बर्फ लागतो.
तो चौकातल्या रसवंतीवरून येतो, लुनावर, पोत्यात,
निम्मा रस्त्यातच सांडतो.
भांड्यातून तुकडा उचलायचा, ठेवायचा, हातोडा सोडायचा,
सगळं पाच सेकंदांत.
सहाव्या सेकंदाला तो तुकडा नागपूरचा होतो.

हे सगळं मला जमतं.
जमलं नाही ते गिरडकरांच्या बोल्टांचं.

जस्ताचा मुलामा, चंदेरी, हातात घेतला की तोंड दिसावं.
मी खेचले. सहाही उत्तम.
तुटले तेही शहाण्यासारखे, आधी बारीक होत, मग वाटी-सुळका.
पास लिहिलं. खाली सही : कुंदा हेडाऊ.
बुटीबोरीला ते एका सांगाड्यात आवळले गेले.
तिसऱ्या रात्री, कोणी हात लावलेला नसताना,
वजन नाही, धक्का नाही, वारासुद्धा नाही,
डोकी उडाली. एकेक. टुक्. टुक्.
वॉचमन निताराम म्हणाला, मले वाटलं पाल पडून रायली.

पोत्यातून परत आलेले तुकडे मी भिंगाखाली धरले.
बारीक होणं नाही, वाटी नाही.
साखर फोडावी तशी चकाकती भेग.
आम्लात धुतले तेव्हा हायड्रोजन आत शिरला होता.
नंतर चार तास भट्टीत ठेवायचे असतात,
दोनशे अंशांवर, म्हणजे तो निघून जातो.
गिरडकरांनी ते चार तास विजेच्या बिलातून वाचवले.
"पास व्हते ना पण, मॅडम?"
होते.
दोन मिनिटांच्या ओढीत पास होते.
आत जे होतं त्याला दोन दिवस हवे होते
आणि मी ते दिले नव्हते.

यावरून माणसांबद्दल काही म्हणावंसं वाटतं.
म्हणत नाही. माणसं मी तपासत नाही.

आता प्रत्येक लॉटमधले चार बोल्ट
मी जाड पाटीत तिरक्या वॉशरवर आवळते,
खिडकीत ठेवते अठ्ठेचाळीस तास.
शनिवारी सकाळी लावलेले, सोमवारी बघायचे.
मानकातली ही ओळ मी वाचली होती. पानाला खूणही होती.
गिऱ्हाईक म्हणतं, एवढा वेळ कशाला?
काका त्यांना पाणी देतात, बसा म्हणतात.

सोमवारी शटर उचलायच्या आधी
मी कुलपाला हात लावून थोडी थांबते.
कूलर बंद असतो, यंत्रं बंद असतात,
पत्रा तापायला लागून बारीक तडतडतो
आणि मला प्रत्येक तडतड मोजावी लागते.

चार होते. चारही आहेत.
पराते काका, चहा सांगा.